नाथसागर ते नळ: घाण कोणाची, हे सांगणारे विषाणू

पैठणच्या नाथसागरात गोदावरीबरोबर काय काय येतं? नाशिकपासून कोपरगावपर्यंतच्या गावाशहरांचं सांडपाणी येतं, प्रवरासंगमावरून प्रवरेचं पाणी येतं. जटवाड्याच्या डोंगरात उगम पावून छत्रपती संभाजीनगरच्या मधून वाहणारी खामही शेवटी याच फुगवट्यात उतरते. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की गाळपेराच्या जमिनी उघड्या पडतात आणि त्यांवर गुरं, शेळ्या-मेंढ्या चरतात. जायकवाडी धरणाचा हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे हिवाळ्यात पाणपक्ष्यांचे थवे मुक्कामाला असतात. छत्रपती संभाजीनगरात आपण जे पाणी पितो त्याच्या उगमाशी माणूस, गाय-म्हैस, शेळी, पक्षी अशा सगळ्यांची विष्ठा थोड्याफार प्रमाणात असतेच.

पुढचा प्रवासही सरळ नाही. पाणी फारोळ्याच्या केंद्रात शुद्ध होतं, नक्षत्रवाडीला चढवलं जातं आणि तिथून शहरभरच्या टाक्यांत जातं. जुन्या दोन जलवाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या. २५०० मिलिमीटरच्या नव्या वाहिनीचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं आणि तिची वाट शहराने वर्षानुवर्षं पाहिली. दरम्यान नळाला पाणी कधी चार-पाच दिवसांनी, कधी आठ-दहा दिवसांनी. मधल्या काळात वाहिनी रिकामी पडते, दाब नाहीसा होतो आणि जिथे जोड सैल आहे तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. हुबळी-धारवाडमध्ये एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या संशोधकांनी एकाच शहरातल्या दोन व्यवस्थांची तुलना केली. चोवीस तास पाणी असलेल्या भागातल्या नळांच्या शंभर नमुन्यांत एखाद्यातही विष्ठेची खूण मानला जाणारा ई. कोलाय जिवाणू मुश्किलीने सापडला. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या भागात मात्र जवळजवळ एक तृतीयांश नमुने दूषित निघाले. आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणी भागात गॅस्ट्रोची साथ आली आणि हजारो लोक आजारी पडले, तेव्हाही बोट पिण्याच्या वाहिनीत मिसळलेल्या सांडपाण्याकडेच गेलं.

अशा वेळी प्रयोगशाळेचा अहवाल येतो: 'पाणी पिण्यास अयोग्य.' त्यापुढे तो गप्प असतो. घाण माणसाची की जनावराची, धरणातून आली की गल्लीतल्या चेंबरमधून, हे त्यात नसतं. दुरुस्तीचा खर्च कुठे करायचा, हे मात्र नेमकं त्यावरच ठरतं. माणसाच्या विष्ठेतून कावीळ, टायफॉइड, पोलिओ येऊ शकतात. गुरांच्या शेणातूनही आजार येतात, पण ते वेगळे आणि त्यांचा बंदोबस्तही वेगळा. गेल्या वीसेक वर्षांत जगभरच्या पाणी-प्रयोगशाळांनी हा प्रश्न विषाणूंना विचारायला सुरुवात केली आहे. त्यांची उत्तरं कितपत भरवशाची आहेत आणि आपल्या शहराला त्यांचा काय उपयोग, हे पाहण्यासाठी हा आढावा.

आधी आज काय चालतं ते. गावात जलसुरक्षक विहिरीत टीसीएल टाकतो, ओटी टेस्टने क्लोरीन पाहतो, एचटूएसच्या बाटलीत पाणी भरून ठेवतो. बाटली काळी पडली की पाणी खराब. पाणवठ्याभोवतीची स्वच्छता पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. प्रयोगशाळेत कोलिफॉर्म आणि ई. कोलाय मोजतात. ही पद्धत स्वस्त आहे, सवयीची आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, म्हणून तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये वर्णन केलेला ई. कोलाय हा जिवाणू माणसाच्या आतड्यात असतो तसाच गाईच्या, कुत्र्याच्या, कोंबडीच्या आतड्यातही असतो. शिवाय आपल्यासारख्या उष्ण हवामानात तो ओल्या मातीत तग धरतो, प्रसंगी वाढतोही. तो सापडला म्हणजे ताजी विष्ठा मिसळली, असं खात्रीने म्हणता येत नाही.

यातून मार्ग काढायचे जुने प्रयत्न झाले. अमेरिकेत गेल्ड्राइख यांनी १९६० च्या दशकात विष्ठेतले कोलिफॉर्म आणि स्ट्रेप्टोकोकाय यांचं गुणोत्तर सुचवलं: चारपेक्षा जास्त आलं तर माणूस, ०.७ पेक्षा कमी आलं तर जनावर. फारच सोयीचं. पण हे दोन जिवाणू पाण्यात सारख्या वेगाने मरत नाहीत, त्यामुळे दोन दिवस जुन्या घाणीचं गुणोत्तर भलतंच निघायचं. ती पद्धत मागे पडली.

दुसरी उणीव अधिक जीवघेणी होती आणि ती दाखवून दिली भारतानेच. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वजिराबादला पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत मागे पोहोचलं. केंद्रावरच्या लोकांनी क्लोरीन आणि तुरटी वाढवली. जिवाणूंच्या चाचण्या बऱ्यापैकी ठीक आल्या, टायफॉइड-हगवणीची लाट आली नाही. काही आठवड्यांनी दिल्लीत काविळीचे सुमारे २९,३०० रुग्ण झाले. क्लोरीनने जिवाणू मारले होते, विषाणू पार झाले होते. त्या साथीचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी यांचाही सहभाग होता आणि त्यातून ही साथ 'हिपॅटायटिस ए'ची नव्हती हे स्पष्ट झालं. आज त्या विषाणूला आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी साथ आली तिच्यामागेही तोच होता.

मग विषाणूच का? कारण विषाणू यजमान निवडून घेतो. माणसाचा अॅडिनोव्हायरस गोठ्यात वाढत नाही आणि गुरांचा पॉलिओमाव्हायरस तुमच्या-माझ्या मूत्रपिंडात घर करत नाही. दुसरं, पाण्यात यजमानाशिवाय त्यांची संख्या वाढत नाही, फक्त घटते. म्हणजे मातीत वाढलेल्या ई. कोलायसारखी फसगत इथे होत नाही. तिसरं, पाण्यात आणि क्लोरीनपुढे ते बऱ्याच जिवाणूंपेक्षा अधिक टिकतात, म्हणून रोगकारक विषाणूंचा धोका ते जास्त प्रामाणिकपणे दाखवतात.

पहिल्या पिढीने रोगाचेच विषाणू शोधले. माणसांसाठी अॅडिनोव्हायरस ४० आणि ४१, लघवीतून बाहेर पडणारे जेसी व बीके पॉलिओमाव्हायरस. गुरांसाठी त्यांचे पॉलिओमाव्हायरस, डुकरांसाठी डुकरांचे अॅडिनोव्हायरस. ओळख पक्की, पण संख्या कमी. पातळ झालेल्या पाण्यात ते शोधायला दहा-दहा लिटरचे नमुने गाळावे लागतात आणि तरीही हाती काही लागेलच असं नाही. रोगाचा विषाणू सापडला नाही, याचा अर्थ सांडपाणी नाही असा होत नाही. त्या आठवड्यात वस्तीत तो आजार नव्हता एवढाच होतो.

म्हणून लक्ष वळलं ते सतत आणि भरपूर बाहेर पडणाऱ्या विषाणूंकडे. त्यातला एक तर माणसाचा विषाणूच नाही. तो मिरचीचा आहे. २००६ मध्ये अमेरिका आणि सिंगापूरमधल्या निरोगी माणसांच्या विष्ठेतले आरएनए विषाणू मोजले तेव्हा 'पेपर माइल्ड मॉटल व्हायरस' प्रचंड संख्येने आढळला. वाळलेल्या विष्ठेच्या एका ग्रॅममध्ये एक अब्जापर्यंत. मिरचीच्या पानांवर ठिपके पाडणारा हा विषाणू तिखट सॉसमधून, मसाल्यांमधून पोटात जातो, पचनातून धडधाकट बाहेर पडतो आणि सांडपाण्यात बराच काळ टिकतो. २००९ मध्ये करीना रोसारिओ आणि सहकाऱ्यांनी तो मानवी सांडपाण्याचा निर्देशक म्हणून पुढे आणला. कोविडच्या काळात सांडपाण्यातला कोरोना विषाणू मोजताना नमुन्यात माणसांचा वाटा किती, हे ठरवायला जगभर याचाच आधार घेतला गेला.

मराठवाड्याला या विषाणूबद्दल आपुलकी वाटायला हरकत नाही. आपल्या ताटात ठेचा आहे, काळा मसाला आहे, लाल तिखट आहे. तो इथल्या सांडपाण्यात भरपूर असणार, हा अंदाज धाडसी नाही. पण नेमकी हीच त्याची अडचणही आहे. ज्या घरात रोज तिखट शिजतं तिथे भांडी धुतलेलं मोरीचं पाणीही हा विषाणू घेऊन गटारात जाईल. त्यात विष्ठा असेलच असं नाही. कोंबड्यांच्या आणि गल पक्ष्यांच्या विष्ठेतही तो काही ठिकाणी सापडला आहे, कारण खरकटं तेही खातात. आपल्याकडच्या मोकाट गुरांच्या उकिरड्यावरच्या जेवणाचा विचार केला, तर इथे त्याची साक्ष एकट्याने मानू नये, असं माझं मत आहे.

दुसरा विषाणू अधिक नवलाचा. २०१४ मध्ये बास डुटिल्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी विष्ठेतल्या जनुकीय माहितीचे सार्वजनिक साठे संगणकावर एकमेकांशी जुळवले आणि त्यातून सुमारे ९७,००० अक्षरांचा एक पूर्ण जीनोम बाहेर आला. निम्म्याअधिक माणसांच्या नमुन्यांत हजर, आणि तोवर कोणालाच माहीत नव्हता, कारण त्याची बहुतेक जनुकं ओळखीच्या कशाशीच जुळत नव्हती. ज्या संगणकीय पद्धतीने तो सापडला तिच्यावरूनच त्याला क्रासफाज म्हणतात. तो माणसाला काहीच करत नाही. आतड्यातल्या बॅक्टेरॉइडिस जिवाणूंना खाऊन जगतो. त्याचा एक भाऊबंद २०१८ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या गटाने प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एलिस स्टॅकलर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या जनुकांवर आधारलेल्या चाचण्या तयार केल्या. शहरी सांडपाण्यात तो लिटरमागे कोट्यवधींनी सापडतो, त्यामुळे लहान नमुन्यातही दिसतो. काही कुत्र्यांच्या आणि गल पक्ष्यांच्या विष्ठेतही तो थोडाफार आढळला आहे, पण प्रमाण किरकोळ. आज एकच खूण निवडायची झाली, तर मी हीच निवडेन.

जिवाणू खाणाऱ्या विषाणूंचा म्हणजे फाजांचा भारताशी जुना संबंध आहे. आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये नोंदवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. फाजांचा शोध त्यानंतर वीसेक वर्षांनी लागला आणि हॅन्किन यांचं ते निरीक्षण फाजांच्या खाती जमा झालं. २०२५ च्या महाकुंभात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने संगमातल्या विष्ठाजन्य कोलिफॉर्मचे आकडे हरित लवादापुढे ठेवले, तेव्हा गंगेतले फाज हा पावित्र्याचा पुरावा म्हणून पुन्हा चर्चेत आले. पाणी-तज्ज्ञ त्याच पुराव्याचा अर्थ उलटा लावतात. आतड्यातल्या जिवाणूंचे फाज जिथे भरपूर, तिथे ते जिवाणू आणि त्यांना आणणारी विष्ठाही भरपूर.

फाजांची मोजणी परवडण्यासारखी असते, हा भाग आपल्यासाठी फार महत्त्वाचा. क्रासफाज किंवा मिरचीचा विषाणू शोधायला पीसीआर यंत्र लागतं. कोलिफाज मोजायला पेट्री डिश, आगर, योग्य ई. कोलायची जात आणि एक उबवणी-पेटी पुरते. जिवाणूंच्या दाट थरावर फाजाने पाडलेली स्वच्छ भोकं दुसऱ्या दिवशी मोजायची. जिल्ह्याच्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेला हे जड नाही. यातल्या एफ-आरएनए फाजांचे चार समूह आहेत. दोन आणि तीन बहुधा मानवी सांडपाण्यात, एक आणि चार बहुधा जनावरांच्या विष्ठेत. बहुधा हा शब्द इथे मोलाचा आहे. समूह एक इतरांपेक्षा जास्त टिकतो, त्यामुळे उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात मानवी समूह आधी नाहीसे होतात आणि घाण उगाच जनावरांच्या नावावर लागू शकते.

फार थोड्यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. भारतीय मानक १०५००, पिण्याच्या पाण्याचं आपलं राष्ट्रीय मानक, २०१२ च्या आवृत्तीत विषाणूंबद्दल गप्प नाही. एक लिटर पाण्यात एमएस-२ फाज आढळता कामा नये, आढळला तर हिपॅटायटिस ए आणि एंटरोव्हायरससाठी पीसीआर करावी, असं त्यात लिहिलं आहे. विषाणूंपासून संरक्षण हवं तिथे नळाच्या टोकाला क्लोरीन लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम असावं, हेही त्यात आहे, एरवी ०.२ पुरतं. महापालिकांच्या नेहमीच्या अहवालात मात्र कोलिफॉर्म, गढूळपणा आणि क्लोरीन यांच्यापुढे रकाना सरकत नाही. गंमत अशी की एमएस-२ हा वरच्या समूह एकमधला, म्हणजे हे मानक पाळलं तरी घाण कोणाची ते कळणार नाही. ते कळायला समूह वेगळे करावे लागतील.

भारतात अशा शोधाचा अनुभव काय? सांडपाण्यात विषाणू शोधण्याची शिस्त महाराष्ट्राने लवकर अंगी बाणवली. मुंबईत परळच्या एंटरोव्हायरस रिसर्च सेंटरने २००१ पासून वस्त्यांच्या गटारांत पोलिओ शोधला; देशातला शेवटचा वन्य पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला तोवर आणि नंतरही ही पाळत चालू राहिली. तिथे प्रश्न होता, माणसांत कोणता विषाणू आहे. इथे उलटा आहे: पाण्यात कोण आहे. पण नमुना घेणं, गाळणं, शीतपेटीतून वेळेत पोहोचवणं, हे कौशल्य तेच.

उगम शोधण्याचा मोठा प्रयत्न ओडिशात पुरी जिल्ह्यात झाला, तोही विषाणूंऐवजी बॅक्टेरॉइडेल्स जिवाणूंच्या खुणांवर. पावसाळ्यात २४ गावांत नमुने घेतले. माणसाच्या विष्ठेची खूण सार्वजनिक तळ्यांपैकी फक्त ८ टक्के आणि पिण्याच्या भूजल-स्रोतांपैकी ४ टक्के ठिकाणी सापडली, घरांपैकी मात्र ४५ टक्क्यांत. गावाची विहीर दोषी धरली होती, आणि पुरावा हाताकडे आणि घरातल्या माठाकडे बोट दाखवत होता. माझ्या मते या पद्धतीचं सगळ्यात मोठं काम हेच: आधीच ठरवून ठेवलेला आरोपी कधी कधी सोडून द्यावा लागतो.

पुण्यात तर हा प्रश्न अलीकडेच अंगावर आला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुलियन-बारे सिंड्रोमचे रुग्ण झपाट्याने वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय आणि नोरोव्हायरस आढळले. नांदेड गावच्या विहिरीच्या पाण्यावर संशय गेला, खडकवासल्याच्या परिसरातल्या पोल्ट्री शेड तपासल्या गेल्या, चिकन खाण्यावरून बातम्या रंगल्या. कॅम्पिलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात सहज असतो, माणसाच्या सांडपाण्यातही असू शकतो. तो एकटा सापडून वाद मिटत नाही. कोंबड्यांच्या विष्ठेची खूण म्हणून स्पेनमध्ये कोंबडी-टर्कीच्या पार्व्होव्हायरसची चाचणी तयार झालेली आहे. ती आणि क्रासफाज यांचे आकडे विहिरीच्या त्याच पाण्यात शेजारी शेजारी ठेवले असते, तर शेडवाल्यांना दोष द्यायचा की सांडपाण्याच्या वाहिनीला, यावर चर्चेपेक्षा पुराव्याने बोलता आलं असतं.

आता हातचं राखून बोलायच्या गोष्टी. पीसीआर मेलेल्या विषाणूचं जनुकही मोजते. क्लोरीन दिलेल्या पाण्यात खूण सापडली म्हणजे ते पाणी आजारी पाडेलच असं नाही. गढूळ पावसाळी पाण्यातली ह्युमिक द्रव्यं ही चाचणी दाबून टाकतात आणि निकाल खोटा 'नाही' येतो. सगळ्यात मोठी अट स्थानिक पडताळणीची. बॅक्टेरॉइडिसच्या ज्या जातीवर स्पेनमध्ये मानवी फाज छान उगवले, ती जात इतरत्र तितकी उपयोगी पडली नाही. ब्रिटनला आपली वेगळी जात शोधावी लागली. काठमांडूच्या खोऱ्यात जपानी आणि नेपाळी संशोधकांनी अशा खुणा वापरण्याआधी स्थानिक सांडपाण्यावर आणि जनावरांच्या शेणावर तपासून पाहिल्या. माणूस, गाय, कुत्रा एकाच अंगणात राहतात अशा ठिकाणी हे टाळून चालत नाही. इथेही पडेगावच्या गोठ्यातलं शेण, शहरातल्या कुत्र्यांची विष्ठा आणि कांचनवाडीच्या शुद्धीकरण केंद्रात येणारं सांडपाणी यांवर आधी चाचणी घ्यावी लागेल. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाला आणि घाटी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला मिळून करता येण्यासारखं हे काम आहे.

आणि सगळीकडे हे करायची गरजही नाही. पिण्याची वाहिनी गटाराला ओलांडून जाते तिथे विषाणू मोजत बसणं हा पैशाचा अपव्यय आहे. तिथे खोदा आणि जोड बदला. चाचणी हवी जिथे दोषाबद्दल वाद आहे आणि निकालावर खर्चाची दिशा बदलते. माझ्या यादीत पहिला नंबर गुंठेवारीतल्या बोअरवेलचा. मलनि:सारण वाहिनी नाही, घरोघरी शोषखड्डे आहेत आणि खाली फटी पडलेला काळा कातळ. मातीत पाणी गाळलं जातं, फटींतून ते तसंच निसटतं आणि विषाणू त्याबरोबर दूर जातात. त्या बोअरच्या पाण्यात क्रासफाज निघाला तर शोषखड्डे. फक्त गुरांची खूण निघाली तर बोअरभोवतीचा ओटा आणि गोठा. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरा नंबर खामचा. महापालिका, छावणी परिषद आणि वॅरोक कंपनी यांनी मिळून नदीच्या स्वच्छतेचं काम हाती घेतलं आणि काठ बदलले, हे कोणीही जाऊन पाहावं. पण पाण्यात किती फरक पडला, हे काठावरून कळत नाही. नाथसागरात उतरण्यापूर्वीच्या टप्प्यावर महिन्याला एक नमुना घेतला, तर शहर आपल्या पिण्याच्या धरणाला किती मानवी मैला परत पाठवतं याचा आकडा हाती येईल.

तिसरं काम नव्या वाहिनीशी जोडलेलं आहे. तिचं पाणी ज्या वस्तीत अजून नियमित येत नाही, तिथे आत्ताच मोजणी करून ठेवायला हवी: फारोळ्यातून निघताना, टाकीत, आणि नळ सुटल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत येणारं ते पाणी, जे बाया बादलीत न भरता सोडून देतात. दोन वर्षांनी रोज पाणी येऊ लागलं की त्याच नळांवर तीच मोजणी. नळाच्या पाण्यातली मानवी खूण तेव्हा घटली नाही, तर दोष दाबाच्या अभावाचा नव्हे, अंतर्गत वाहिन्यांचा आहे, आणि त्या बदलल्याशिवाय २५०० मिलिमीटरचा पाइप शहराच्या वेशीपर्यंतच स्वच्छ पाणी आणेल.